हुशार आहे, पण अभ्यास करत नाही

मराठी आईबापांनी आपल्या लेकरांविषयी आजवर जेवढी वाक्यं उच्चारली असतील, त्यांत पहिला नंबर कुठल्या वाक्याचा लागेल याबद्दल मला तरी शंका नाही. "हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही." लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी, लोकलच्या लेडीज डब्यात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसायच्या बाकावर, कुठेही थोडा वेळ कान दिलात की हे वाक्य कानावर पडतंच. वरवर ती तक्रार असते. पण बोलणारीच्या चेहऱ्याकडे पाहा. कामवाली न सांगता गावाला गेली ही तक्रार करताना जो चेहरा होतो, तो इथे नसतो. इथे कपाळावर आठी असते आणि आठीखाली समाधान असतं.

आता तेच वाक्य उलटं करून पाहा. "अभ्यास खूप करतो हो, पण हुशार नाही." असं चारचौघांत म्हणणारी माउली मला अजून भेटायची आहे. खरं पाहता या दुसऱ्या मुलाचं बरं चाललेलं असतं. तो रोज टेबलाशी बसतो, वही पूर्ण ठेवतो, चुकलेलं गणित पुन्हा करतो. पण त्याच्याविषयी बोलायची वेळ आली की आवाज खाली येतो. "मेहनती आहे," एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा सहानुभूतीने मान हलवतो.

याचं कारण उघड आहे. हुशारी वापरली नाही तोवर ती कितीही असू शकते. अभ्यास न करता साठ टक्के पडले तर नव्वदची शक्यता शाबूत राहते. पण रीतसर अभ्यास केला आणि तरीही साठच पडले, तर मग काय उरलं? म्हणून शहाणे लोक हुशारीला हात लावत नाहीत. ती घराण्याची ठेव म्हणून बँकेत असू द्यावी, व्याज आलं तर ठीक.

मुलांना हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती आपली आपण शिकतात. परीक्षेच्या सकाळी शाळेच्या आवारात उभं राहून ऐका. "माझं काहीच झालं नाही गं." "मी तर पुस्तकच उघडलं नाही." "मी काल मॅच बघत बसलो." सगळ्यांचे डोळे जागरणाने लाल. रात्री बारापर्यंत दाराच्या फटीतून उजेड दिसत होता हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं. पण अभ्यास केला हे कबूल करणं म्हणजे हुशार नसल्याचं कबूल करणं, एवढा हिशेब दहाव्या वर्षापर्यंत पक्का झालेला असतो. निकालानंतर पेपरात पेढा भरवतानाचा फोटो येतो, त्याखाली गुणवंत सांगतात की फार ताण घेतला नाही, रोज थोडाथोडा अभ्यास केला, छंदही जोपासले. ज्या घरात त्या वर्षी टीव्हीची केबल काढली होती, तिथलेही हेच सांगतात.

ही केवळ आपल्याकडची खोड आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसं नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी बेताची सोपी होती, मुलांनी ती बरी सोडवली. मग काही मुलांना सांगितलं, छान, तू या कोड्यांत हुशार दिसतोस. काहींना सांगितलं, छान, तू बरीच मेहनत घेतलेली दिसते. फरक एवढाच, एका वाक्याचा. पुढे काय करायला आवडेल असं विचारल्यावर हुशार ठरलेल्यांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी दिसत राहील असं काम निवडलं. मेहनती ठरलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी ज्यातून काही शिकायला मिळेल ते निवडलं. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यांत सगळेच आपटले. आणि शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. हुशार मुलांचा निकाल पहिल्यापेक्षा खाली आला, मेहनती मुलांचा वर गेला.

मला या प्रयोगातला सर्वांत आवडलेला भाग मात्र वेगळाच आहे. मुलांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलाला या कोड्यांविषयी चार ओळी लिहा, नाव घालू नका, आपले गुण तेवढे लिहा. हुशार ठरलेल्या मुलांपैकी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गुण वाढवून लिहिले. ज्याला कधी भेटायचं नाही, ज्याला आपलं नावही कळणार नाही, त्या पोराला थाप! आपल्याकडची मुलं अभ्यास कमी करून सांगतात, तिकडची गुण वाढवून सांगतात. भाव तोच.

ड्वेकबाईंनी पुढे २००६ साली या विषयावर मोठं लोकप्रिय पुस्तक लिहिलं आणि 'ग्रोथ माइंडसेट' हा शब्द शाळाशाळांतून घुमू लागला. बुद्धी, गुण, कौशल्य हे जन्माला येताना मोजून मिळालेलं नसतं, सराव, चांगली पद्धत आणि कुणाची तरी मदत यांनी ते वाढतं, असं मानणारं मन म्हणजे ग्रोथ माइंडसेट. आता तो आपल्याही शाळांच्या माहितीपत्रकांत असतो, स्मार्ट बोर्ड आणि कराटेच्या मधल्या जागेत. रविवारी सकाळी पालकांसाठी कार्यशाळा होते, भिंतीवर हसऱ्या मेंदूचं चित्र असतं, त्या मेंदूला डंबेल उचलायला लावलेले असतात. पालक वही काढून टिपून घेतात. मग चहा होतो. चहाच्या रांगेत दोन आया भेटतात आणि त्यातली एक दुसरीला म्हणते, "आमचा हुशार आहे हो, पण..."

यात आणखी एक अडचण आहे, ती घराण्याची. "आमच्याकडे गणित नाही." हे इतक्या सहज सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, ग्वाल्हेर आणि किराणासारखी गणिताचीही घराणी आहेत आणि यांची तालीम वेगळी झालेली आहे. "हिच्या बाबांनाही गणित जमायचं नाही, आत्याला तर अजिबात नाही." मुलगी तिथेच उभी असते. तिला नुकतीच संख्यारेषा कळायला लागलेली असते, ती ऐकते आणि संख्यारेषेचा नाद सोडते. घराण्याविरुद्ध कोण जाणार? चांगले गुण पडले तर ते कुठल्या बाजूने आले यावर मात्र दोन्हीकडून दावे लागतात. वाईट पडले तर एकमेकांकडे बोट.

गंमत म्हणजे बुद्धी मोजायला ज्याने सुरुवात केली, त्यालाही हे मान्य नसतं. आल्फ्रेद बिने या फ्रेंच गृहस्थाने १९०५ साली थेओदोर सिमाँबरोबर बुद्धी मोजायची पहिली कामाची चाचणी तयार केली. पॅरिसच्या शाळांत ज्या मुलांना जादा मदतीची गरज आहे ती ओळखता यावीत, एवढा साधा हेतू. बुद्धी ठरलेली असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर तो चांगला चिडायचा, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लक्ष, स्मरण, शिस्त यांचे व्यायामही सुचवले होते. जगाने त्याची मोजपट्टी घेतली आणि व्यायाम तिथेच ठेवले. आपण वजनकाटा घेतो आणि चालायला जायचं राहून जातं, तसलंच हे.

सरावाने बुद्धी वाढते हा विचार आपल्याकडे नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. बोपदेवाची गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी माणूस मोठा होत नाही. बोपदेव हा खरोखरीचा माणूस, तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला पंडित, 'मुग्धबोध' नावाचं संस्कृत व्याकरण लिहिणारा. गोष्ट मात्र त्याच्या लहानपणाची आणि ती दंतकथा. अभ्यासात ढ, गुरुजींनी घरी पाठवलेला, निराश होऊन विहिरीकाठी बसलेला असा तो बोपदेव पाहतो की दोराने घासून घासून दगडाला खाच पडली आहे. त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, तो परत जातो आणि पंडित होतो.

गोष्ट उत्तम आहे, पण सांगितली जाते कधी? प्रगतिपुस्तकात लाल रेघ आली की. म्हणजे ऐकणाऱ्या पोराला पहिला अर्थ हाच लागतो की या गोष्टीत आपण दगड आहोत आणि समोर बसलेले काका दोर. दुसरं, आताच्या मुलांनी रहाट पाहिलेला नसतो. पाणी टाकीतून येतं, आणि टाकीला खाच पडली तर सोसायटीची तातडीची सभा बोलावतात. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. गोष्ट विहिरीवरून थेट पांडित्यावर उडी मारते. दुसऱ्या दिवशी सकाळी बोपदेवाने कुठलं पान उघडलं? आधी धातू पाठ केले की संधी? अडलं तेव्हा विचारलं कुणाला? पोराला हवं असतं ते नेमकं हेच, आणि तिथेच सांगणारे काका उठून जेवायला जातात.

ध्येयाचंही आपण असंच करतो. घरी पाहुणा आला आणि मूल हाती लागलं की तो विचारतो, "काय रे, मोठेपणी कोण होणार?" पाहुण्याला उत्तरात रस नसतो, त्याला चहा येईपर्यंतचा वेळ काढायचा असतो. मुलालाही ते माहीत असतं. त्यामुळे ते चालू बाजारभावाप्रमाणे उत्तर देतं. एके काळी डॉक्टर-इंजिनिअर, मग कॉम्प्युटर, आता मधूनच यूट्यूबर ऐकू येतं आणि आजोबांना ठसका लागतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो ठामपणे सांगायचा, "एसटीचा कंडक्टर." सगळे हसायचे. पण विचार करता वाटतं, वर्गात खरं ध्येय असलेला तो एकटाच. तिकिटांचा ट्रे कसा धरायचा, पंच कसा टिकटिकवायचा, सुट्टे कुठल्या खिशात, दोरी किती वेळा ओढली की गाडी निघते, हे त्याला सगळं ठाऊक होतं आणि मधल्या सुट्टीत तो त्याचा सराव करायचा. डॉक्टर होणाऱ्यांना डॉक्टर सकाळी उठून काय करतो याची कल्पना नव्हती. सुई टोचतो, एवढंच.

माझी भाची सहावीत गेली तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने वेळापत्रक केलं. ज्यांनी लहानपणी वेळापत्रक केलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पण असे कमीच असतील. ड्रॉइंगचा कागद, पट्टीने आखलेले चौकोन, चार रंगांची स्केचपेनं, कडेला वेलबुट्टी. वर ठळक अक्षरांत "ध्येय : ९५%". ५.०० उठणे. ५.०० ते ५.१५ प्रातर्विधी. ५.१५ ते ५.४५ योगासने व ध्यान. ५.४५ ते ७.०० गणित. संध्याकाळी "खेळ (फक्त अर्धा तास)", आणि रात्री "आजीला मदत". हे करण्यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांइतकी सुखी ती वर्षभरात दिसली नाही. वेळापत्रक भिंतीला चिकटलं तेव्हाच तिला पंचाण्णव टक्के मिळून गेले होते. दुसऱ्या दिवशी जाग आली साडेसातला. अडीच तास उशिरा धावणारी गाडी रेल्वेसुद्धा सहसा रद्द करत नाही, तिने मात्र दिवसच रद्द केला. आठवडाभरात कागदाचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्याने फडफडू लागला.

तिच्या आईने व्याख्यान दिलं, बाबांनी मोबाइल काढून घेण्याची धमकी दिली. या उपायांची वाट सगळ्यांना माहीत आहे, तिचा पुढे कुठे पत्ता लागत नाही. मग आजीने तिला भाजी निवडायला बसवलं आणि सहज विचारलं, "तुला येत काय नाही गं नक्की?"

"गणित."

"गणितातलं काय?"

"सगळंच."

"सगळंच येत नाही असं कुणाचंच होत नाही. बेरीज येते?"

"येते की आजी! काहीतरीच काय."

"अपूर्णांकांची?"

"छेद सारखे असले की येते."

"आणि नसले की?"

भाची गप्प. मेथीच्या जुडीएवढा वेळ गेल्यावर गोष्ट बाहेर आली. छेद वेगवेगळे असले की लसावि काढायचा असतो, आणि लसावि काढायच्या दिवशी ती तापाने घरी होती. त्यानंतर वर्गात लसावि सगळ्यांना येतो असं धरून सगळं पुढे गेलं. म्हणजे जिला गणित येत नव्हतं, तिला दोन तासिका येत नव्हत्या. पण घरात सगळे पंचाण्णव टक्क्यांकडे पाहत होते, दोन तासिकांकडे कोण पाहणार?

आजीने नवं वेळापत्रक करू दिलं नाही. एवढंच ठरलं की संध्याकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की लगेच दोन उदाहरणं. आजीजवळ बसून, कारण आजीचं लक्ष असतं असं नाही, पण उठून गेलं की आजी विचारते. दोनच का, तर किती करशील हे आजीने तिलाच विचारलं होतं. तिने आधी दहा म्हटलं. आजी हसली. मग पाच. मग दोन.

पेटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हयातभर याच गोष्टीचा अभ्यास केला. निश्चय आणि कृती यांच्यामधल्या दरीत माणसं पडतात, आणि 'अमुक घडलं की मी तमुक करणार' अशी गाठ आधीच मारून ठेवली तर ती बऱ्याच वेळा पार होतात, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहायचं होतं. ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते वेळेवर लिहिलं. नुसतं 'लिहीन' म्हणणाऱ्यांतल्या जेमतेम एक तृतीयांशांनी. आजीला जर्मन येत नाही. पण घरात रोज न चुकता होणारी एकच गोष्ट संध्याकाळचा चहा आहे, हे तिला माहीत आहे, आणि ज्याचं काम त्याच्या तोंडून ठरवून घ्यावं हेही.

ऑगस्टच्या घटक चाचणीत भाचीला विसांपैकी अकरा गुण पडले. आधीच्या चाचणीत सात होते. तिने ते नाचत येऊन सांगितलं. आजोबांनी विचारलं, "वर्गात पहिलं कोण आलं?"

आजोबांचा दोष नाही. त्यांच्या पिढीला शाळेत एवढाच प्रश्न शिकवला होता. पण याच आजोबांना तालमीत नेऊन बसवा, मग त्यांचं बोलणं ऐका. ते मूळचे कोल्हापूरकडचे. कुस्तीच्या आखाड्यात बसलेला माणूस कधी असं म्हणतो का, की पोरगा मूळचा पैलवान आहे पण मेहनत करत नाही, आणि वर अभिमानाने इकडेतिकडे पाहतो का? तालमीत ते वाक्य म्हणजे शिवी. तिथे जोर किती, बैठका किती, मातीत किती वेळ होतास, कुठल्या डावात सापडलास, एवढंच विचारतात. वस्ताद हरलेल्या पोराला बाजूला घेतो आणि त्याचा पाय कुठे चुकला ते अंगाला हात लावून दाखवतो. नशिबाला किंवा घराण्याला तो नावं ठेवत नाही. गाण्यातही रियाज न करण्याची फुशारकी कुणी मारत नाही. 'अंगात असावं लागतं' असं आपण या दोन्ही ठिकाणी म्हणतो, नाही असं नाही, पण ते म्हणून झाल्यावर पहाटे पाचला उठवतोच. शाळेच्या बाबतीत मात्र 'अंगात असावं लागतं' इथे वाक्य संपतं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला माणूस, आणि तिथे मॅट. नियम वेगळे, पकडी वेगळ्या. फ्लायवेट गटात ते सहावे आले. आपल्या घरात कुणी जगात सहावं आलं असतं तर पहिला प्रश्न ठरलेला आहे. खाशाबा परत येऊन चार वर्षं तयारीला लागले, वरच्या वजनगटात गेले, आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. बैलगाड्यांचं वर्णन आपण चवीने करतो. पण मला मधली चार वर्षं जास्त मोलाची वाटतात. 'मॅटवर आपल्याला काय येत नाही' हे सहाव्या नंबरने त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर महाराष्ट्राच्या कुणाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं. त्याआधी २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ते चौथे होते, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत पुन्हा चौथे. चौथा नंबर हा जगातला सर्वांत वाईट नंबर, असं खेळाडू म्हणतात. तो दोनदा पचवायचा म्हणजे काय, हे घटक चाचणीत अकरा पडलेल्या मुलीला मी सांगितलं. ती म्हणाली, "मामा, पण त्यांना चौथा तरी नंबर होता." मुलांना गोष्टी सांगताना आवरतं घ्यावं, हे खरं.

तेव्हा मेहनतीचं एवढं गुणगान केल्यावर तिच्याही मर्यादा सांगायला हव्यात. हल्ली काही घरांत दुसरंच टोक गाठलंय. पोराने गाय काढली, ती टेबलासारखी दिसते, तरी आई म्हणते, "वा! किती छान प्रयत्न केलास!" पोर आईकडे कीव आल्यासारखं पाहतं. त्याला गाय हवी होती. पाय कुठून निघतात हे कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. खुद्द ड्वेकबाईंनीच २०१५ मध्ये लिहून इशारा दिला, की नुसती मेहनतीची वाहवा म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. जमत नसलेल्या पद्धतीनेच मूल पुन्हापुन्हा डोकं आपटत असेल, तर त्याला शाबासकी देऊन उपयोग नाही, वेगळा रस्ता दाखवावा लागतो. आणि २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा प्रयोग आला. अमेरिकेतले नववीचे सुमारे बारा हजार विद्यार्थी, त्यांना तासाभराच्या आतलाच ऑनलाइन धडा, की बुद्धी वाढू शकते. मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत चारपैकी सरासरी ०.१ ची वाढ झाली. दशांश एक! आपल्याकडच्या एखाद्या क्लासने एवढ्यावर फलक लावला असता तर लोकांनी फी परत मागितली असती. मला मात्र तो आकडा प्रामाणिक वाटतो. एका धड्याने जेवढं व्हावं तेवढंच झालं. ज्या शाळांत अवघड काम हाती घेणं सोबत्यांत मानाचं होतं, तिथे परिणाम टिकला, हेही त्यात निघालं. धडा मुलांना दिला होता, पण वर्गाची हवा कशी आहे यावर बरंच अवलंबून होतं.

हवेबरोबर पैसाही लागतो, ते विसरून चालणार नाही. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. गावाने वर्गणी काढली ती वेगळी. ज्या मुलीच्या घरी संध्याकाळी वीज नाही, ज्या मुलाला शाळेतून आल्यावर गुरं वळायची आहेत, त्यांना मनोवृत्ती बदलायला सांगणं ही चेष्टा आहे. आधी वीज द्या, शिक्षक द्या, मग बाकीचं बोलू. आपल्यापैकी ज्यांच्या घरात दिवा आहे, टेबल आहे, चहा होतो आणि एखादी आजीही आहे, त्यांना मात्र कारण सांगायला जागा नाही.

भाचीचं सांगायचं राहिलं. सहामाहीनंतर तिने आपण होऊन ठरवलं की आता लसावि पुरे, शुद्धलेखन. आम्हां सगळ्यांना वाटत होतं इंग्रजीचा नंबर लागेल. आजी गप्प बसली आणि आम्हांलाही तिने गप्प बसवलं. ऱ्हस्व-दीर्घाची गाडी अजून अडखळते. "पाणि" आणि "आणी" यांची अदलाबदल थांबलेली नाही. पण चूक कुठे आहे ते आता ती स्वतः पेन्सिलीने गोल करून आणते, आणि दहा शब्दांत दोनच गोल असले तर दिवसभर त्याविषयी बोलते. तिच्या आईने परवा फोनवर कुणाला तरी सांगितलं, "करते हो अभ्यास." पुढे "पण" आला नाही. मी मुद्दाम वाट पाहिली.

तेव्हा एक विनंती. येत्या रविवारी कुणाकडे गेलात, आणि चहा येईपर्यंत घरातलं मूल समोर आणून उभं केलं, तर ते मोठेपणी कोण होणार हे विचारू नका. सध्या त्याला काय जमत नाहीये ते विचारा, आणि ते कसं करून पाहिलं तेही. फक्त थोडा वेळ हाताशी ठेवून जा. कोण होणार याचं उत्तर एका शब्दात मिळतं, या उत्तराला चहाचे दोन कप लागतात.